काठाजवळचं पाणी

सुभद्रे,

आज नळाला पाणी आलं. सकाळी गल्लीत मोटारींची घरघर सुरू झाली आणि मी सापडेल ती चप्पल पायात अडकवून तुझ्या घराकडे पळत सुटले. आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी. ते आलं की आपल्या शहरात माणूस आधी टाकी बघतो, मग देव. तुझं कुलूप काढलं, मोटार लावली, गच्चीवर जाऊन पाइप टाकीत नीट सोडला आणि जिन्यात बसून राहिले. टाकी काठोकाठ भरली तेव्हा ध्यानात आलं, या घरात आता पाणी वापरणारं कुणी उरलेलं नाही. तुझी लेक कावेरी तेरावं उरकून कोकणात तिच्या सासरी परत गेली. एवढ्या पाण्याचं मी करू काय? तुळशीला घातलं, जास्वंदीला घातलं, फरशा पुसल्या, आणि बाकीचं तसंच ठेवलं. आता तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितेय.

तू कशी गेलीस ते लिहीत नाही. आल्यागेल्याला सांगून माझं तोंड दुखलं, आणि प्रत्येकाने 'सोन्यासारखं मरण, त्रास नाही झाला' असं म्हणून माझं डोकं उठवलं. मला बोलायचंय ते तू जे अर्धवट सोडून गेलीस त्याबद्दल. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणू देत. मी रागावलेय, आणि त्याहून जास्त घाबरलेय.

निघायच्या दिवशी कावेरीने तुझ्या घराची किल्ली माझ्या हातात दिली. रिक्षा दाराशी उभी होती. "मावशी," ती म्हणाली, "आई म्हणायची, खाडीकाठी घर बांधू नको. तू म्हणायचीस, आईचे आकडे कच्चे आहेत. आता आई नाही. मग मी कुणाचं ऐकू? अक्षय तृतीयेला पाया खोदायचं ठरलंय. बांधू का नको, तेवढं सांग." मी म्हणाले, "पोचलीस की फोन कर." ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे तुझेच आहेत, उत्तर मिळाल्याशिवाय न हलणारे. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला म्हणून मी सुटले.

तेव्हापासून फोन वाजला की मी दुसऱ्या खोलीत निघून जाते. दूधवाल्याचा असला तरी.

आपलं काम लोकांना समजावणं ही एक कसरतच होती. समुद्र इथून एवढा लांब की आपल्याकडचा माणूस तो बघायला जायचं तर आठवडाभर आधी चिवडा-लाडू बांधतो. आणि आपण दोघी विद्यापीठातल्या आपल्या विभागाच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीतून लेण्यांचा डोंगर दिसतो त्या खोलीत, समुद्र किती वर आला ते उपग्रहाच्या आकड्यांवरून मोजत बसायचो. तुझ्या शेजारच्या काकू एकदा तोंडावर म्हणाल्या होत्या, "नळाला पाणी नाय आन ह्या बाया समुद्र मोजू राहिल्या!" मी चिडले. तू मात्र पायरीवर त्यांच्याशेजारी बसलीस आणि समजावलंस, "काकू, उपग्रह बी आपल्या नळासारखाच हाये. रोज नाय येत. दहा दिवसांनी एकदा त्याच जागेवरून जातो. जाता जाता खाली हाळी देतो, आन ती परत यायला किती येळ लागला ते मोजतो. पाणी वर आलं असंल तर हाळी लवकर परत येती." काकूंना पटलं. वर म्हणाल्या, "मग बरंय, मोजा." मला तुझा हेवा वाटला. एवढंच सांगायला मला फळा आणि खडू लागतो.

आपलं पहिलं भांडण काठावरून झालं, आठवतं? भर समुद्रात हे मोजमाप सरळ असतं. खाली नुसतं पाणी, येणारं उत्तर स्वच्छ. किनारा जवळ आला की डोंगर, वाळू, घरं, झाडं सगळीच उत्तर द्यायला लागतात आणि त्या कलकलाटात पाण्याचा आवाज कुठला ते कळत नाही. म्हणून रीत अशी की किनाऱ्याजवळच्या शेवटच्या पट्ट्यातले आकडे बिनभरवशाचे समजायचे आणि बाजूला टाकायचे. आता पुष्कळ जण ते आकडे वाचवायच्या मागे लागलेत, पण तेव्हा आपल्या खोलीत तरी टाकायचीच रीत होती. मी तेच शिकले होते, तेच करत होते. तू नवीन आलेली, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होतीस.

"हे कामून टाकलं?"

"खराब आहेत. काठाजवळचे आहेत."

"शैले, लोक काठावरच राहत्यात की. मधोमध कोण राहतंय?"

पहिल्याच आठवड्यात 'शैले'! मी तुझ्याहून वयाने मोठी, नोकरीत जुनी, लासूर स्टेशनच्या बागायतदारांची लेक. विभागात सगळे मला शैलामॅडम म्हणायचे. मला इतका राग आला की मी तुला चहासुद्धा विचारला नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी मेथी निवडताना तेच, सिग्नलला थांबले की तेच. दुसऱ्या दिवशी मी टाकलेले आकडे परत काढून तुझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, घे, कर काय करायचं ते.

समुद्र नव्हता म्हणून आपण नाथसागरावर शिकलो. जायकवाडीचं ते पाणी म्हणजे आपल्या नळाचं माहेर, आणि आपल्या कामालाही सोयीचं. दोन्हीकडे जमीन, मधे पाणी; काठाची जी अडचण समुद्रावर तीच तिथे. शिवाय धरणाची पातळी रोज मोजली जाते, म्हणजे आपलं चुकलं तर लगेच उघडं पडणार. आणि आपलं चुकलंच. भर उन्हाळ्यात, अख्खा जिल्हा टँकरकडे डोळे लावून बसलेला असताना, आपण दोघींनी छातीठोकपणे सांगितलं की काठाजवळ नाथसागराचं पाणी वर आलेलं दिसतंय. विभागप्रमुख हसून म्हणाले, "मग घरी कळवू का, आजपासून रोज आंघोळ?"

दुसऱ्या दिवशी तुझ्या स्कूटीवरून आपण पैठणच्या रस्त्याला लागलो. उपग्रहाने जिथे पाणी दाखवलं होतं ती जागा फोनवर लावली होती. फोन म्हणाला, पोचलात. आपण उभ्या होतो टरबुजाच्या वाफ्यात. धरणाचं पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळावर लोक पेरतात, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. फक्त आपण दोघी विसरलो होतो. त्या ओल्या, सपाट, चकचकीत वाफ्यांनी उपग्रहाला पाण्यापेक्षा मोठ्याने उत्तर दिलं होतं. वाफे राखणारी बाई विळा घेऊन पुढे आली. "कोन पाहिजे?"

तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "पाणी बघाया आलोत. इथं असायला पाहिजे होतं."

"पाणी गेलं की खाली, लई दिस झाले. आता टरबूज हाये. खाता का?"

तू तिथेच मातीत फतकल मारलीस आणि हसत सुटलीस. बाईला काही कळेना, पण तुझ्याकडे बघून तीही हसायला लागली. तिने एक टरबूज फोडून दिलं. माझ्या पांढऱ्या ओढणीवर त्याचे डाग पडले ते अजून आहेत. त्या दिवसापासून आपल्या खोलीत फसव्या आकड्याचं नाव टरबूज पडलं. "शैले, हे टरबूज हाये बघ," असं तू म्हणालीस की नवे विद्यार्थी एकमेकांकडे बघायचे.

पण तू हसून थांबणारी नव्हतीस. तू मेंढपाळाची लेक, फर्दापूरच्या वरच्या अंगाला तुझ्या बापाची मेंढरं चरायची. तू सांगितलंस की पाणवठ्यावर दोन कळप मिसळले तर कुणी एकेक मेंढरू वेचत बसत नाही. दोन्ही मालक दोन बाजूंना लांब जाऊन उभे राहतात आणि आपापली हाळी देतात. ज्याची मेंढरं त्याच्याकडे जातात. "आपण बी तसंच करू," तू म्हणालीस. "मधलं पाणी आपलं, त्याच्याबद्दल वाद नाय. काठाचा जो आवाज वरीसभर मधल्या पाण्यासंगं खाली-वर होतो, तो पाण्याचा. बाकीचा परका." मला आधी हा पोरखेळ वाटला. मग आपण त्यावर महिनोन् महिने खपलो, एकमेकींचे जेवणाचे डबेसुद्धा उष्टे केले, आणि टरबुजं सुटी झाली. धरणाची पातळी आणि आपली पातळी जुळली त्या दिवशी तू सगळ्यांना पेढे वाटलेस आणि विभागप्रमुखांना मुद्दाम टरबुजाची फोड दिलीस.

मग कावेरीचं लग्न. तिच्या वडिलांमागे तू एकटीने वाढवलेली पोर. मुलगा कोकणातला, सुयश, पुण्यात तिच्याबरोबर शिकलेला. घर खाडीच्या तोंडाशी असलेल्या गावात. लग्न तिकडेच झालं, आणि इतकी वर्षं समुद्र मोजणारी तू त्या दिवशी पहिल्यांदा समुद्रात पाय घातलेस. मला वाटलं तुला भरून येईल. तू म्हणालीस, "हे लई हालतंय गं." आपल्या पडद्यावरचा समुद्र कधी हलत नव्हता.

जेवणं झाल्यावर तुझे व्याही आपल्याला कौतुकाने खाडीकाठचा तुकडा दाखवायला घेऊन गेले. नारळांची रांग, तिच्यापलीकडे लगेच पाणी, समोर होड्या. "इथे मुलांना घर बांधून देऊ," ते म्हणाले. "दोन खोल्या त्यांना राहायला, दोन पर्यटकांसाठी." सुयश तर हाताने हवेत खिडक्या काढून दाखवत होता. तू पैठणी वर खोचून सरळ पाण्यापर्यंत उतरलीस आणि तिथून ओरडून विचारलंस, "अमावास्येला पाणी कुठवर येतं?" विहिणीने कपाळाला हात लावला. व्याही म्हणाले, "अहो विहीणबाई, इथवर कधीच येत नाही. आमच्या वडिलांच्या वेळेपासून नाही." तू मान हलवलीस. परत येताना पुणं येईपर्यंत तू फोनवर त्या गावच्या भरती-ओहोटीच्या वेळा शोधत होतीस, आणि सोमवारपासून आपल्या खोलीत कुठला समुद्र मोजला जाणार ते मला कळलं.

नशीब असं की एका उपग्रहाची वाट त्या खाडीच्या तोंडावरूनच जाते. जुने-नवे मिळतील तेवढे फेरे तू गोळा केलेस, त्यांना आपली हाळीची रीत लावलीस, आणि एक दिवस मला बोलावलंस. रेघ वर जात होती. बाहेरच्या समुद्राची रेघही वर जातेच, त्यात नवल नाही. पण खाडीची रेघ त्याहून चढी होती. मी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "टरबूज."

"नाय."

"सुभद्रे, खाडीत चिखल आहे. ओहोटीला उघडा पडतो, चकाकतो. धरणातले वाफे वर्षातून एकदा फसवायचे, हा चिखल रोज फसवणार. आणि तो पाण्याच्याच तालावर येतो-जातो. परक्या मेंढरांनी आपली हाळी शिकून घेतली असं समज. चिखलाचा एखादा पट्टा सरकत सरकत उपग्रहाच्या वाटेखाली आला असेल, आणि तुला वाटतंय पाणी वाढलं."

"आन नसंल सरकला तर?"

"तर सिद्ध कर. तोवर पोरीला घाबरवू नकोस."

हे भांडण आपण कुठे कुठे केलं! टपरीवर चहा गार होईपर्यंत केलं, तुझ्या गच्चीवर पापड वाळत घालताना केलं, माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात भर पंगतीत केलं, तेव्हा वाढपी जिलबी घेऊन ताटकळला होता. मी एकदा चिडून विचारलं, "तू आई म्हणून बोलतेस का शास्त्रज्ञ म्हणून?" तू म्हणालीस, "दोघी एकाच लुगड्यात हायेत, त्याला मी काय करू?"

मग तू बापाचा दाखला काढायचीस. मेंढरं घेऊन फिरताना तो ओढ्याच्या कोरड्या पात्रात कधीच तळ टाकायचा नाही. जागा सपाट असो, वारा अडत असो, तिथे पाणी आलेलं कुणी जन्मात बघितलेलं नसो. तुझी आई करवादायची, "आभाळात ढग नाय आन ह्यांना पूर दिसू राहिला!" तरी तो बिऱ्हाड उचलून चढावर न्यायचा.

"आणि पूर आला का कधी?" मी विचारलं होतं.

तू खोटं बोलणारी नव्हतीस. "नाय. एकदा बी नाय."

"मग? खामखा तुझ्या आईला धोंड्यांतून चुली हलवायला लावल्या."

"व्हय, लावल्या. पन बाप म्हणायचा, पूर येईल का ते मला नाय ठावं. नाय ठावं म्हून तर चढावर निजायचं."

यावर मी काहीतरी टोचून बोलले असेन. आपल्या कामात असं चालत नाही, वगैरे. ठाऊक नसेल तर गप्प बसायचं, हे मी जन्मभर पाळलं, पोरांना शिकवलं, आणि अजूनही मला ते चूक वाटत नाही. आपल्या खोलीत एक हट्टाने पुढे पळणारी होती, म्हणून एक पदर धरून मागे ओढणारी लागत होती. मी ओढत होते. तुला ते कळत असेल असं मी धरून चालले होते. विचारायला हवं होतं का? दोन मैत्रिणी असलं काही एकमेकींना विचारत नाहीत, डब्यातली भाजी कशी झालीय एवढंच विचारतात.

तुझ्या शेवटच्या दिवशी चहा पिताना तू आपणहून म्हणालीस, "ठीक हाये. ओहोटीचे सगळे फेरे काढून टाकते, भरतीचे तेवढे ठेवते. भरतीला चिखल बुडालेला असतो. मग बघू कुनाचं टरबूज." मी म्हणाले, "आता कशी शहाण्यासारखी बोललीस." तू कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "उद्या लावते."

तो उद्या मलाच लावावा लागला. कावेरी गेल्यावर मी विभागात गेले, तुझ्या खुर्चीवरची ती चपटी झालेली उशी बाजूला न करता तशीच बसले. तुझा पासवर्ड मला माहीत होता. अख्ख्या विभागाला माहीत होता. काम सुरू केलं. रेघ सपाट निघाली तर मी जिंकणार, आणि भांडायला तू नाहीस. चढी निघाली तर कावेरीच्या सासरच्यांना मी कुठल्या तोंडाने सांगणार? सुयशने त्या घराच्या भरवशावर पुण्याची नोकरी सोडायचं ठरवलंय. त्यांची दुसरी जागा आहे ती वर सड्यावर, खाडीपासून उंच सपाट कातळावर, काजूच्या झाडांत. तिथून खाडी दिसत नाही आणि तिथे कोण पर्यटक येणार. लोक म्हणतील, औरंगाबादच्या दोन बायकांनी पोरांचं घर मोडलं, ज्यांच्या गावाला समुद्रच नाही. आणि 'बांधा' म्हणून मोकळी झाले तर? उद्या त्या घरात लेकरंबाळं असतील. एखाद्या अमावास्येला, वारा सुटलेला असताना, भरतीचं पाणी उंबरा ओलांडून आत आलं तर मी इथे बसून काय करणार आहे? जेवताना तेच, पूजेला बसले तरी तेच. हल्ली मी बातम्यांत कोकणचं हवामान लागलं की हातातलं काम टाकून उभी राहते.

भरतीचे फेरे निवडणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. उपग्रह आपल्या नळाच्या चालीने येणार, आणि तो येईल तेव्हा खाली भरती असेलच असं नाही. चाळत चाळत गेले आणि हातात उरले मूठभर ठिपके. रेघ ओढली. चढतीच होती, सुभद्रे. पण ठिपके इतके विरळ की त्यांतून चढती रेघ जाते तशी सपाटही जाते. मी सगळं मोडून पुन्हा केलं. विद्यार्थ्यांकडून वेगळं करून घेतलं, माझं सांगितलं नाही. उत्तर तेच. टरबूज म्हणता येत नाही आणि पाणीही म्हणता येत नाही. अजून कितीतरी वर्षांचे फेरे जमायला हवेत, आणि अक्षय तृतीया तर दारात आलेली.

तेव्हा मी खोलीचं दार लावून घेतलं आणि मोठ्याने रडले. तुझ्या तेराव्याला आलं नाही तेवढं रडू आलं. भांडायला माणूस लागतं गं. तू नसतीस तर मी जन्मभर भर समुद्रच मोजत बसले असते, तो स्वच्छ, सोपा, जिथे कुणी राहत नाही. काठ तू दाखवलास. त्याबद्दल तुला कधी एक शब्द बोलले नाही, पेढे मात्र मुकाट खाल्ले. आता बोलते. बरं झालं तू आलीस माझ्या खोलीत आणि मला शैले म्हणालीस.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. कावेरीच. नाव बघून मी तो दोनदा उलटा ठेवला, मग उचलला. आता ते झालं तसं लिहिते.

"मावशी, घरचे विचारायला लागलेत. उद्या गवंडी जागेवर आखणी करायला येणार आहे. काय सांगू त्यांना?"

मी सगळं सांगायला लागले. भरतीचे फेरे, विरळ ठिपके, सरकता चिखल. ती ऐकत होती. तिच्या मागे कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता. मधेच तिने मला थांबवलं.

"मावशी, हे सगळं मी आईकडून लहानपणापासून ऐकलंय. तू सरळ सांग. तिथं पाणी येईल का?"

येईल म्हणावं तर ते खरं नाही. येणार नाही म्हणावं तर तेही खरं नाही. तुझी पोर माझ्याकडून एक शब्द मागत होती आणि माझ्याकडे तो नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणाले. "कावेरी, मी सगळं करून बघितलं गं. मला खरंच माहीत नाही."

मला वाटलं आता ही चिडणार, आणि तिचं बरोबरच असेल. आयुष्य समुद्र मोजण्यात घातलं आणि पोरीने एक प्रश्न विचारला तर म्हणे माहीत नाही. मग तिचा श्वास जड झालेला ऐकू आला. ती रडत होती.

"बरं," ती म्हणाली. "मग नाही बांधत."

"अगं, मी कुठं म्हटलं नको बांधू? मी फक्त..."

"आईने सांगून ठेवलं होतं. संक्रांतीला आले होते तेव्हा. म्हणाली, मी आई हाये, मी भिणारच, महं नको ऐकू. शैलाला विचार. ती पाणी येईल म्हणली तर नको बांधू. नाय येणार म्हणली तर डोळे झाकून बांध, तिच्यावानी पारखून घेणारं मानूस नाय. आन ती माहीत नाय म्हणली, तर गुमान चढावर जा."

तुझ्या स्वयंपाकघरात उभी होते, तुझ्या ओट्याला धरून. एवढं भांडलीस माझ्याशी, पंगतीत जिलबी गार केलीस, आणि हे एक वाक्य तेवढं मला नाही सांगितलंस.

सुयशला ती आज सांगणार आहे. सासऱ्यांची समजूत निघायला वेळ लागेल. निघेल की नाही तेही ठाऊक नाही. मी अजून घाबरलेलीच आहे, सुभद्रे. त्या तुकड्यावर पाणी कधी आलंच नाही, नारळ तसेच डुलत राहिले, तर जन्मभर ते मला बोल लावतील. लावू देत. तुझ्या आईने तरी बोल लावायचं कुठे सोडलं होतं, आणि चुली तर उचलल्याच.

फोन ठेवण्याआधी कावेरीने नाक पुसलं आणि विचारलं, "आईच्या घरी नळाला पाणी येतं का गं अजून? सड्यावरची जागा कागदावर काढून घेऊन येते. दोन दिवस तिथंच राहीन म्हणते, आईच्या घरी."

मी म्हटलं, ये. टाकी भरलेली आहे.